दस्तरख्वानावर शेवटी कोण बसतं?

घरचं सकस अन्न आणि एका दस्तरख्वानाभोवती बसलेलं सगळं कुटुंब. हे चित्र आपल्याला सगळीकडे भेटतं. जुम्याच्या बयानात, शाळेच्या पालकसभेत, डॉक्टरांच्या सल्ल्यात, अगदी मसाल्याच्या जाहिरातीतसुद्धा. आणि बहुतेक वेळा त्याच्यामागे एक वाक्य हमखास येतं: पूर्वी असंच होतं, मोबाइलनं आणि विरार लोकलनं सगळं मोडलं.

मी उर्दू आणि मराठी अशा दोन्ही भाषा शिकवते. त्यामुळे दोन्हीकडची जुनी पुस्तकं नजरेखालून जात असतात. त्यांत स्वयंपाकघर कुठं कुठं दिसतं, हे टिपून ठेवायची मला सवय आहे. ती टिपणं एकत्र लावून पाहिली तेव्हा एक गोष्ट स्पष्ट झाली. वरच्या चित्रात तीन दावे आहेत: अन्न घरचं, अन्न सकस, आणि सगळे एकत्र. पहिले दोन इतिहासाला धरून आहेत. तिसरा नाही. पूर्वी सगळं कुटुंब एकत्र जेवत होतं, हे घरातल्या बाईला वगळलं तरच खरं ठरतं.

हा लेख त्या तिसऱ्या दाव्याविषयी आहे. पण आधी ताटात काय होतं ते पाहू, कारण आमच्या वसईच्या ताटाला फार जुना इतिहास आहे.

सोपाऱ्याचं बंदर आणि आईची भाषा

आज ज्याला आपण नालासोपारा म्हणतो, ते एके काळचं शूर्पारक. पहिल्या शतकातल्या ग्रीक दर्यावर्दी पुस्तकात त्याचं नाव आहे. सम्राट अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे इथं सापडले. आठव्या लेखाचा तुकडा १८८२ मध्ये, नवव्याचा १९५६ मध्ये. हा नववा लेख मला विशेष वाटतो. लग्न, जन्म, प्रवास अशा प्रसंगी लोक नाना मंगल विधी करतात, पण खरं मंगल म्हणजे घरातल्या दास-नोकरांशी नीट वागणं, थोरांचा आदर करणं, असा त्याचा आशय आहे. घरात राबणाऱ्या माणसाशी आपण कसे वागतो, हा प्रश्न आमच्या गावच्या दगडावर सव्वादोन हजार वर्षांपूर्वीच कोरला गेला होता.

पुढे अरब प्रवासी आले. अल-मसऊदी हा बगदादचा इतिहासकार हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इसवी सन ९१६-१७ मध्ये, या किनाऱ्यावर होता. चौलला तो सैमूर म्हणतो, सोपाऱ्याला सुबारा आणि ठाण्याला ताना. सैमूरला सुमारे दहा हजार मुसलमान राहत असल्याची नोंद त्यानं केली आहे. त्यांत सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथून आलेले होते, आणि इथंच मुसलमान आईबापांच्या पोटी जन्मलेलेही होते. या इथं जन्मलेल्यांसाठी त्यानं वेगळा शब्दही दिला आहे: बयासिरा.

मला या शब्दाचं कुतूहल वाटतं. व्यापारी जहाजातून बहुतांशी पुरुष येत. त्यांनी इथं घरं मांडली, ती इथल्या बायकांबरोबर. मग त्या घरात चूल कुणाची पेटली असेल? भात कुणाच्या हातचा, मासळी कुणाच्या पद्धतीची? किनाऱ्यावरच्या कोकणी मुसलमानांच्या घरात बोली कोकणी-मराठी राहिली आणि खाणं भात, नारळ, मासळीचं राहिलं. नमाज अरबीत, हिशेब कधी फारसीत तर कधी उर्दूत, पण भाकरी थापताना बोलायची भाषा आईची. भाषा आणि चव या दोन्ही गोष्टी लेकरू एकाच जागी शिकतं, आईजवळ.

मिरची नसलेलं सालन

आता पोर्तुगीजांकडे येऊ. गुजरातचा सुलतान बहादूरशाह यानं डिसेंबर १५३४ च्या तहानं वसई पोर्तुगीजांना दिली. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकेपर्यंत दोनशे वर्षांहून थोडा अधिक काळ इथं पोर्तुगीज अंमल होता. त्या काळाच्या कडू आठवणी पुष्कळ आहेत आणि त्यांवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. स्वयंपाकघरातली त्यांची आठवण मात्र आपण रोज जिभेवर घेतो. बटाटा, पाव, काजू, अननस हे शब्द त्यांच्या भाषेतून आले. मिरची अमेरिका खंडातून त्यांच्याच जहाजांतून आली. त्याआधी आपल्या किनाऱ्यावर तिखट म्हणजे मिरी आणि आलं.

म्हणजे ‘आमचं अस्सल खानदानी सालन’ असं आपण ज्याला म्हणतो, त्यातली लाल मिरची पोर्तुगीजांच्या वाटेनं आलेली, बटाटा त्याच वाटेनं आलेला. नारळ वाडीतला, मासळी कोळ्यांची. आगाशीकडची केळी आणि उन्हात वाळवलेली सुकेळी इथल्या बागायतदारांची. वाफवलेली सांदणं आमच्या ख्रिस्ती शेजाऱ्यांकडेही होतात आणि कोकणी मुसलमानांकडेही. नाताळला त्यांच्याकडून ताट येतं, ईदला आमच्याकडून जातं, आणि झाकण उघडल्यावर कधी कधी दोन्ही ताटांत एकच पदार्थ असतो.

सकस म्हणाल तर हे खाणं होतंच. तांदूळ, ताजी किंवा सुकी मासळी, नारळ, आमसूल, कडधान्य, परसातली पालेभाजी, वाडीतलं फळ. गरिबाच्या घरी कमी असेल, पण घटक तेच. पहिले दोन दावे इथपर्यंत शाबूत आहेत.

इब्ने बतूतानं पाहिलेली दोन घरं

आता तिसरा दावा. त्यासाठी एका प्रवाशाची साक्ष काढते. मोरोक्कोचा इब्ने बतूता १३४२ च्या सुमारास आपल्याच किनाऱ्यावर, थोडं दक्षिणेला, होन्नावरला आला. तो त्याला हिनौर म्हणतो. तिथला शासक सुलतान जमालुद्दीन. तिथले मुसलमान शाफई मसलकाचे होते, जसे आपले कोकणी मुसलमान आजही आहेत. शिक्षिका म्हणून माझी नजर त्याच्या एका नोंदीवर खिळते: त्या गावात मुलींसाठी तेरा आणि मुलांसाठी तेवीस मदरसे त्यानं पाहिले, आणि तिथल्या बायकांना कुरआन तोंडपाठ असल्याचं लिहिलं.

सुलतानाच्या घरचं जेवण त्यानं फार बारकाईनं नोंदवलं आहे. तांब्याचं ताट मांडलं जाई. एक दासी मोठ्या पळीनं भात वाढी आणि त्यावर तूप ओती. बाजूला मिरीच्या घडांचं, आल्याचं, लिंबाचं, आंब्याचं लोणचं. मग पुन्हा भात आणि त्यावर कोंबडी, मग मासळीचे प्रकार, मग तुपातल्या भाज्या आणि शेवटी दही. दही आलं की जेवण संपलं असं समजायचं. वर गरम पाणी, कारण पावसाळ्यात थंड पाणी बाधतं. रोटी नाहीच. तिथं अकरा महिने त्यानं फक्त भात खाल्ला, आणि त्याची त्यानं तक्रारही केली आहे! सातशे वर्षांपूर्वीचं हे ताट आजच्या कोकणातल्या कुठल्याही घरी ओळखीचं वाटेल.

नंतर तो मालदीव बेटांवर गेला आणि १३४३-४४ मध्ये तिथं काझी झाला. तिथली एक रीत पाहून तो चकित झाला. तिथं बायको नवऱ्याबरोबर कधीच जेवत नसे. ती काय खाते, हेसुद्धा नवऱ्याला ठाऊक नसे. इब्ने बतूतानं तिथं अनेक निकाह केले. तो लिहितो की मी आग्रह केल्यावर काही जणी माझ्याबरोबर जेवल्या, काही अखेरपर्यंत जेवल्या नाहीत, आणि त्यांना जेवताना पाहणं मला काही जमलं नाही.

लक्षात घ्या, हे लिहिणारा गावचा काझी आहे. त्याचा शब्द न्यायदरबारात चालत होता. आपल्याच घरात बायकोला समोर बसून जेवायला लावणं मात्र त्याला साधलं नाही. रिवाज किती बळकट असतो, हे सांगायला याहून चांगली साक्ष मला माहीत नाही.

‘आणि ही?’

ही रीत धर्मानं घातली आहे का? आपल्याकडे कुणी विचारलंच तर ‘आपल्यात असंच असतं’ असं उत्तर मिळतं. हे ‘आपल्यात’ म्हणजे नेमकं कुणात, ते तपासायला हवं.

सूरह नूरमध्ये जेवणाविषयी एक आयत आहे. नातलगांच्या, मित्रांच्या घरी तुम्ही एकत्र जेवा किंवा वेगवेगळे जेवा, त्यात दोष नाही, असा तिचा भावार्थ. म्हणजे वेगळं जेवायला मनाई नाही, हे खरं. पण अबू दाऊद आणि इब्ने माजा यांच्या संग्रहांत एक प्रसंग आहे. काही सहाबींनी तक्रार केली की आम्ही जेवतो, पण पोट भरल्यासारखं वाटत नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी विचारलं, तुम्ही वेगवेगळे जेवता का? ते हो म्हणाले. तेव्हा त्यांनी सांगितलं की एकत्र बसा, अल्लाहचं नाव घ्या, त्यात बरकत होईल.

त्याहून मला ‘सहीह मुस्लिम’मधला प्रसंग अधिक बोलका वाटतो. प्रेषितांचा एक इराणी शेजारी रस्सा फार चांगला करायचा. त्यानं तो केला आणि प्रेषितांना बोलवायला आला. हजरत आयेशा (रजि.) जवळच होत्या. त्यांच्याकडे बोट करून प्रेषितांनी विचारलं, आणि ही? शेजारी नाही म्हणाला. मग प्रेषितही नाही म्हणाले. तो पुन्हा आला, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला तो हो म्हणाला, तेव्हा दोघं उठून बरोबर गेले.

हजरत आयेशा यांच्याकडूनच आणखी एक रिवायत आहे. त्या मासिक पाळीत असताना हाडाचं मांस खात, ते प्रेषित हातात घेत आणि त्यांनी जिथं तोंड लावलं तिथंच तोंड लावून खात. पाळीच्या दिवसांत बाईला चुलीपासून आणि पंगतीपासून दूर बसवणाऱ्या आपल्या मुलखात ही रिवायत मोठ्यानं सांगायला हवी. ‘बुखारी’त हेही आहे की प्रेषित घरात असताना घरच्यांच्या कामाला हात लावत आणि अजान झाली की नमाजला जात.

तेव्हा शेवटच्या पंगतीला दीनचा आधार शोधू नये. ती रीत शेजारपाजारची आहे, किनाऱ्याची आहे, देशाची आहे. आमच्या हिंदू आणि ख्रिस्ती मैत्रिणींच्या आज्याही शेवटीच जेवत. या एका बाबतीत आपण सगळे अगदी एकदिलानं राहिलो.

पुस्तकातलं स्वयंपाकघर

एकोणिसाव्या शतकात छापखाना आला आणि स्वयंपाकघर कागदावर उतरलं. उर्दूत १८६९ मध्ये नजीर अहमद यांची ‘मिरातुल उरूस’ ही कादंबरी आली. दिल्लीतल्या दोन बहिणींची ती गोष्ट. धाकटी असगरी हुशार. ती हिशेब लिहिते आणि बाजारहाटात चोरी करणाऱ्या मामा अजमत या मोलकरणीला पकडते. सरकारनं या पुस्तकाला हजार रुपयांचं बक्षीस दिलं आणि ते घराघरात पोचलं. पुढे मौलाना अशरफ अली थानवी यांचा ‘बहिश्ती जेवर’ आला. मुलींच्या लग्नात तो देण्याची चाल पडली. त्यात मसाइल आहेत आणि घरात उपयोगी पडणाऱ्या वस्तूंच्या, पदार्थांच्या कृतीही आहेत.

मराठीत रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं ‘सूपशास्त्र’ १८७५ मध्ये छापलं गेलं. १९१० मध्ये लक्ष्मीबाई धुरंधर यांचं ‘गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया’ आलं. आणि १९७० मध्ये कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’. शेर-छटाकाची भानगड न ठेवता वाटी-चमच्याचं माप देऊन त्यांनी नवख्या सुनांची मोठी सोय केली. आमच्या अम्मीकडेही ‘रुचिरा’ होतं. शेजारच्या काकूंनी दिलेलं, हळदीचे डाग पडलेलं.

ही सगळी कामाची पुस्तकं आहेत. काय शिजवावं, किती शिजवावं, खर्च कसा आवरावा, पाहुण्याला काय वाढावं हे त्यांनी शिकवलं. पुस्तकाचा विषय पदार्थ असतो, पंगत नसते. चांगल्या गृहिणीची जी मूर्ती या शंभर वर्षांत दोन्ही भाषांनी घडवली, ती उत्तम रांधणारी, काटकसरी, हसतमुखानं वाढणारी बाई होती. ही बाई स्वतः कधी आणि काय जेवते, हा प्रश्न वाचकाच्या मनात येत नाही. मालदीवच्या नवऱ्यांनाही तो पडत नव्हता.

आणि आमच्या कोकणी मुसलमान बायकांचं स्वयंपाकघर तर बहुतांशी पुस्तकाबाहेरच राहिलं. उर्दू पुस्तकांत दिल्ली-लखनौचं घर, मराठी पुस्तकांत पुण्या-मुंबईचं. नारळाचं दूध किती वेळा काढायचं, सुकटीला वास येऊ नये म्हणून काय करायचं, हे ज्ञान सासू-सुनेच्या तोंडीच राहिलं.

तवा उतरत नाही तोवर

रिवाजाला दोष देऊन थांबणं सोपं आहे. पण बाई शेवटी का बसते, यामागे हातांच्या कामाचा हिशेबही आहे. तो समजल्याशिवाय रिवाज हलत नाही.

दादीच्या काळचा दिवस मांडून पाहा. पहाटे जातं. दळताना गायच्या ओव्या मराठी बायकांनी लाखांनी रचल्या, त्या उगाच नाही. काम तेवढं लांब होतं. मग पाणी भरणं, सरपण, पाट्यावर वाटण. आणि जेवणाच्या वेळी तांदळाची भाकरी. तिची उकड काढायची, मळायची, थापायची आणि तव्यावरून थेट ताटात वाढायची. गार झाली की ती चामट होते. एका तव्यावर एका वेळी एकच भाकरी. घरात दहा माणसं असली की पहिल्याचं जेवण संपतं तेव्हा शेवटच्याची भाकरी तव्यावर असते. तव्यापाशी बसलेली बाई दस्तरख्वानावर बसणार कशी?

काही पदार्थांना मात्र ही अडचण नाही. भात-कालवण, खिचडी, पुलाव, मोहरममधला खिचडा, वाफवलेली सांदणं. हे आधी करून ठेवता येतं. माशाचं कालवण तर थोडं मुरलं की अधिक चांगलं लागतं. पदार्थ शिजून झाला, चूल बंद झाली, की रांधणारी मोकळी. एका भांड्यातल्या जेवणाला आपण ‘साधं’ म्हणतो आणि गरम गरम फुलक्यांना ‘आग्रहाचं’. या मानपानात फुलके करणारीचं जेवण गार होतं.

यंत्रं आली, त्यानं वेळ वाचला. पिठाची गिरणी आली, १९५५ च्या सुमारास मुंबईत स्वयंपाकाचा गॅस मिळू लागला, १९५९ च्या सुमारास देशात प्रेशर कुकर बनू लागले, मग मिक्सर आला. २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेनं गॅस गरिबांच्या घरीही गेला. वाचलेला वेळ बाईला दस्तरख्वानावर घेऊन यायला हवा होता. काही घरांत तसं झालंही. पण पुष्कळ घरांत त्या वेळात आणखी दोन पदार्थ वाढले, किंवा बाई नोकरीला लागली आणि स्वयंपाक तिच्याकडेच राहिला.

आणि रेल्वेचं काय? विरारहून मुंबईला उपनगरी गाडी १८६७ च्या एप्रिलमध्ये सुरू झाली, म्हणजे ‘मिरातुल उरूस’च्याही दोन वर्षं आधी. कमावता माणूस सकाळी गाडीच्या डब्यात बसतो आणि बरोबर जेवणाचा डबा नेतो, ही आमच्याकडची रीत तेव्हापासूनची. महादू हावजी बच्चे यांनी १८९० च्या सुमारास मुंबईत डबेवाल्यांचं काम उभं केलं, तेही याच गरजेतून: अन्न घरचंच हवं, पण घर लांब आहे. म्हणजे घरचं जेवण आणि एकत्र जेवण यांची फारकत मोबाइलच्या कितीतरी आधी झालेली आहे. आज नालासोपारा-विरारमध्ये कोकणी आहेत, उत्तर प्रदेशातून आलेले आहेत, मराठवाड्यातले आहेत. जवळजवळ प्रत्येक इमारतीत रात्री दहाला परतणारा कुणीतरी आहे. आणि आता तो ‘कुणीतरी’ अनेकदा बाईसुद्धा असते. ती साडेनऊला उतरते, फलाटाबाहेर भाजी घेते आणि घरी जाऊन तवा ठेवते.

आठवीच्या वह्या

मागे एकदा आठवीच्या वर्गाला मी निबंधाऐवजी एक लहान काम दिलं होतं. काल रात्री घरी कोण कोणत्या वेळी जेवलं, एवढंच लिहून आणा. उर्दू किंवा मराठी, जी भाषा हवी ती.

बहुतेक वह्यांत क्रम एकच होता: अब्बा आणि मुलं, मग दादी, मग अम्मी. एका मुलीनं लिहिलं, अम्मी सर्वांत शेवटी जेवते कारण तिला भूक उशिरा लागते. एका मुलानं लिहिलं, अम्मी कधी जेवली ते मी पाहिलं नाही. त्या वाक्याखाली मी लाल पेनानं काहीच लिहिलं नाही. मालदीवचा काझी आठवला. सातशे वर्षांनी, वसई तालुक्यातल्या एका वहीत, तेच वाक्य.

हा भावनेपुरता प्रश्न असता तर मी इतकं लिहिलं नसतं. शेवटी जेवणाऱ्याच्या वाट्याला उरलेलं येतं. मासळीचा तुकडा संपलेला असतो, रस्सा असतो. भाजी खरवडून घेतलेली असते, भात असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्त कमी आहे. पुरुषांमध्ये हे प्रमाण त्याच्या निम्म्याहूनही कमी. याची कारणं अनेक आहेत. पाळी, बाळंतपणं, जंत, गरिबी. पण ताटात काय पडतं हेही एक कारण आहे, आणि ते आपल्या घराच्या चार भिंतींत बदलता येतं. ज्या अन्नाला आपण सकस म्हणतो, ते रांधणारीच अशक्त असेल, तर सकस हा शब्द अपुरा आहे.

अकरा महिन्यांचा प्रश्न

उपाय काय, असं कुणी विचारेल. मोठी भाषणं नकोत. दस्तरख्वान पसरण्याआधी मोजून घ्यावं की घरात माणसं किती आणि ताटं किती. रात्रीचं जेवण शक्यतो आधी करून ठेवता येईल असं असावं: भात-कालवण, डाळ-खिचडी, भाजी घातलेला पुलाव. भाकरी हवीच असेल तर आधी करून कापडात गुंडाळून ठेवावी. थोडी गार भाकरी खाल्ल्यानं कुणाचा मान जात नाही. मासळीचे तुकडे माणसं मोजून वाढावेत आणि रांधणारीचा तुकडा आधी काढावा. पालेभाजी, कडधान्यांवर लिंबू पिळावं आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नये, त्यानं अन्नातलं लोह अंगी लागत नाही. पाणी, मीठ, वाढप हे काम मुलग्यांना द्यावं. आमच्या घरी ते माझ्या मुलाकडे आहे. पहिले काही दिवस पाणी सांडलं, आता सांडत नाही. आणि रोज सगळ्यांची वेळ जुळत नसेल तर जे घरात आहेत त्यांनी बरोबर बसावं. उशिरा येणाऱ्याचं ताट झाकून ठेवावं, मग ते अब्बांचं असो की अम्मीचं.

हे जमणार नाही, असं म्हणणाऱ्यांना मी रमजानची आठवण देते. इफ्तार ही आपल्या घरातली अशी एक वेळ आहे जी कुणासाठी थांबत नाही. मगरीबच्या अजानआधी सगळं मांडून तयार असतं. तवा उतरलेला असतो. खजूर प्रत्येकाच्या हातात असतो, रांधणाऱ्या बाईच्या हातातही, कारण रोजा तिचाही असतो आणि तिनं सर्वांबरोबर तो सोडायचा असतो. तेव्हा कुणी म्हणत नाही की तू मागून सोड. भजी गार झाली म्हणून कुणी रुसत नाही. लोकलमधला माणूस डब्यातच खजूर वाटून घेतो, आणि घरी उरलेली माणसं एका दस्तरख्वानावर असतात.

म्हणजे दर वर्षी महिनाभर हे आपल्याला नीट जमतं. काम आधी संपवणं जमतं, वाट पाहणं जमतं, रांधणारीला बसायला जागा करून देणंही जमतं. त्या महिन्यात सूर्य वेळ ठरवतो. उरलेल्या अकरा महिन्यांत ती आपण ठरवायची आहे.